एचओ डब्यांतले दिवे, डीसीसी लेआउट : लुकलुक, झगमगाट आणि ट्रिप होणारा बूस्टर

लोअरबर्थ

नमस्कार मंडळी. माझ्या मॉडेल रेल्वेतला आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या धाटणीच्या) डब्यांचा रेक, म्हणजे जोडलेला संच, आता दहा डब्यांचा झाला आहे. एचओ स्केल (खऱ्याच्या १/८७), १६.५ मिमी अंतराचे रूळ, डेक्कन क्वीन म्हणून चालवतो. लेआउट (रुळांची मांडणी) पूर्ण डीसीसीवर आहे, म्हणजे रुळांत सतत वीज आणि तिच्यातूनच इंजिनांना डिजिटल संदेश. रुळांत १५ व्होल्ट आणि त्यांना वीज पुरवणारा बूस्टर ३ अँपचा. आता डब्यांत दिवे हवे आहेत. दिवसा जी गाडी नुसती फिरताना दिसते, ती खोलीत अंधार केल्यावर खरंच कुठेतरी निघाल्यासारखी वाटावी, एवढीच इच्छा.

चार डब्यांत बाजारात मिळणारी १२ व्होल्टची एलईडी पट्टी बसवली. रुळांतून ब्रिज रेक्टिफायर (उलटसुलट वीज एकाच दिशेची, म्हणजे डीसी, करणारा) आणि तिथून थेट पट्टीला. दिवे लागतात, पण क्रॉसिंगवर आणि काही सांध्यांवर लुकलुकतात. प्रकाश एवढा की खिडक्यांआधी डब्याच्या भिंतीच उजळून दिसतात. लुकलुक जावी म्हणून प्रत्येक डब्यात १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा) टाकला. लुकलुक गेली, पण चारही डबे रुळावर असताना पॉवर चालू केली की बूस्टर शॉर्ट समजून बंद पडतो. उरलेल्या सहा डब्यांना हात लावण्याआधी जाणकारांना विचारावं म्हणून हा धागा. परदेशी तयार पट्ट्या दहा डब्यांना परवडणाऱ्या नाहीत, तेव्हा स्वतः करता येईल असंच सुचवा.

---

तांबटआळी

तिन्ही त्रासांचं मूळ एकच आहे: तुम्ही गरजेच्या वीस-तीस पट करंट वापरता आहात. तो खाली आणला की बाकीचं सोपं होतं.

हिशोब मांडतो. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन-तीन एलईडींचा एक तुकडा असतो आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचा रेझिस्टर. मीटरला ६० एलईडी असलेली साधी पट्टी घेतली, तर असा तुकडा ५ सेंमीचा आणि तो १२ व्होल्टला साधारण २० मिलीअँप घेतो. आयसीएफ डब्याची बॉडी २१.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये २४५ मिमी. त्यात चार तुकडे आरामात बसतात. ब्रिजमध्ये १.४ व्होल्ट गेले तरी तुमच्या पट्टीला १३.६ मिळतात, म्हणजे तुकड्यामागे ३० मिलीअँपच्या आसपास. डब्याला १२०, दहा डब्यांना सव्वा अँप. इंजिनाला लागतो त्याहून जास्त करंट नुसत्या दिव्यांत जातो आहे.

आता पट्टीच्या प्लसला मालिकेत एक जादा रेझिस्टर लावा, १.२ ते १.५ किलोओहम. पूर्ण डब्याचा करंट ४ मिलीअँपवर येतो, एका तुकड्याला १ मिलीअँप. कागदावर हे फारच कमी वाटतं. खोलीतला दिवा बंद करून पाहा, आजच्या एलईडीला तेवढं पुरतं. आकडा डोळे झाकून घेऊ नका. आधी ५ किलोओहमचा प्रिसेट (फिरवून किंमत बदलता येणारा रेझिस्टर) लावून अंधारात प्रकाश जुळवा, प्रिसेट मोजा आणि त्या किमतीचा पक्का रेझिस्टर टाका. मग तोच सगळ्या डब्यांना. पट्टी मात्र एकाच रीळाची घ्या, नाहीतर शेजारशेजारच्या डब्यांत पांढऱ्याच्या दोन छटा दिसतात.

करंट उतरला की कपॅसिटरही लहान चालतो. ४ मिलीअँपला १००० मायक्रोफॅरड दिवे सेकंदभर तगवतो, तेही हळूहळू मंद होत. क्रॉसिंगवरचा खंड त्याच्या कितीतरी पट लहान असतो. २२० नेही काम होतं, ४७० म्हणजे निर्धास्त. व्होल्टेज रेटिंग २५ च घ्या. १५ च्या रुळावर १६ व्होल्टचा कपॅसिटर बसवणं धोक्याचं आहे.

बूस्टर का पडतो? रिकामा कपॅसिटर पहिल्या क्षणी शॉर्टसारखाच वागतो. चार डबे एकदम भरायला लागले की बूस्टरला तो खरा शॉर्ट वाटतो. उपाय स्वस्त आहे: कपॅसिटरच्या प्लस पायाला १०० ओहमचा रेझिस्टर आणि त्याला समांतर एक १एन४१४८ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा). भरताना करंट रेझिस्टरमधून सावकाश जातो, रिकामा होताना डायोडमधून बिनअडथळा बाहेर येतो. डायोडवर रेघ असलेली बाजू सर्किटच्या प्लसकडे आणि दुसरं टोक कपॅसिटरकडे. १०० ओहमने डब्यामागे जास्तीत जास्त १५० मिलीअँपचा झटका बसतो, दहा डब्यांचा दीड अँप. तुमचा बूस्टर तेवढं सोसेल, तरी मी दहा डब्यांना २२० ओहम लावेन.

हे केलं नाही तर आणखी एक घोळ होतो. लेआउटवर कुठेही शॉर्ट झाला आणि निघाला, की सगळे कपॅसिटर पुन्हा एकदम भरायला जातात आणि बूस्टर पुन्हा पडतो. माणूस रुळावर शॉर्ट शोधत बसतो, आणि तो तिथे नसतोच.

ब्रिजबद्दल: एमबी६एस हा चपटा ब्रिज छताखाली लपतो. सुटे डायोड वापरणार असाल तर १एन४००७ पेक्षा यूएफ४००७ किंवा शॉटकी असे जलद डायोड घ्या. डीसीसीमध्ये ‘एक’ या बिटचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असतो, म्हणजे दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते. ४००७ घरगुती ५० हर्ट्झसाठी ठीक आहे. इतक्या कमी करंटला तोही चालतो, पण किमतीत फरक नगण्य आहे, तेव्हा योग्य तोच घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं.

---

घाटवाट

तांबटआळींनी विजेचं सगळं सांगितलं. मी चाकांकडे येतो, कारण माझ्या मते या कामातली खरी कारागिरी करंट उचलण्यात आहे.

एचओच्या धातूच्या जोडचाकांत साधारणपणे एकच चाक इन्सुलेटेड असतं. दुसऱ्या चाकाची वीज आसात येते. याचा फायदा घ्या. पुढच्या बोगीतली (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चार चाकांची चौकट) दोन्ही जोडचाकं अशी बसवा की त्यांचे आस डाव्या रुळाशी जोडलेले राहतील, आणि मागच्या बोगीत उलट. म्हणजे एक बोगी डावा रूळ उचलते, दुसरी उजवा. प्रत्येक बोगीतून एकच वायर वर न्यायची. ३० गेजची मऊ वायर घ्या आणि बोगीच्या खिळ्याजवळून, थोडी सैल ठेवून न्या, नाहीतर वळणावर बोगी अडकून डबा घसरतो.

वीज आसावरून उचलायची की चाकाच्या पाठीवरून? आसावरून. आसाचा व्यास लहान, म्हणून तिथे घासणाऱ्या पत्तीचा अडसर चाकाच्या कडेला घासणाऱ्या पत्तीपेक्षा बराच कमी. पत्ती फॉस्फर ब्राँझची, ०.२ मिमीची. साध्या पितळेची स्प्रिंग महिन्या-दोन महिन्यांत बसते. त्याहून चांगलं म्हणजे बोगीच्या चौकटीत पितळी वाट्या बसवून आसाच्या टोकांतूनच वीज घेणं. मग घासणारी पत्तीच नको, अडसर जवळजवळ शून्य. काम किचकट आहे, पण दहा डब्यांच्या रेकला मी तेच सुचवेन.

अडसराचा एवढा बाऊ का करतो ते सांगतो. एका डब्यात जाणवत नाही. दहा डब्यांत वीस बोग्या घासायला लागल्या की सपाटीवर धावणारं इंजिन चढावर जागीच चाकं फिरवतं. खऱ्या भोर घाटाचा चढ ३७ ला १ आहे, आणि तिथे मागून बँकर (ढकलणारं जादा इंजिन) लावूनच गाडी वर जाते. मी हाच आकडा कसोटीला घेतो. एक मीटर लांब फळीवर सरळ रूळ ठोकायचा, एक टोक २७ मिमी उचलायचं, डबा वरच्या टोकाला ठेवून सोडायचा. पत्त्या बसवल्यावरही तो आपोआप उतरत गेला पाहिजे. मध्येच थांबला तर पत्ती हलकी करायची. सगळ्या डब्यांची ही परीक्षा झाल्याशिवाय रेक जोडायचा नाही.

आणि स्वच्छता. चाकांवर काळा थर बसला की कुठलाही कपॅसिटर पुरत नाही. रुळांवर आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेलं सुती फडकं पसरायचं आणि डबा त्यावरून मागेपुढे फिरवायचा. फडक्यावर उमटलेले दोन काळे पट्टे पाहिले की लुकलुक कुठून येते ते कळतं. प्लास्टिकची चाकं असतील तर आधी ती बदला; नुसती तेवढी बदलली तरी रूळ कमी घाण होतात.

---

हिरवाबावटा

धागा उत्तम चालला आहे. रंगाबद्दल कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो.

बहुतेक लोक ‘वॉर्म व्हाइट’ घेतात, कारण युरोपातल्या लेआउटच्या चित्रफितींमध्ये पिवळसर प्रकाश छान दिसतो. पण आपण कुठली गाडी, कुठल्या काळातली चालवतो ते आधी ठरवा. साध्या आयसीएफ डब्यांना ११० व्होल्ट डीसी मिळे, डब्याखालच्या आसावर चालणाऱ्या अल्टरनेटरमधून आणि बॅटऱ्यांमधून. आधी त्यावर बल्ब होते, नंतर ट्यूब आल्या, अलीकडे एलईडी. बल्बच्या काळासाठी २७०० केल्विनचा पिवळसर प्रकाश बरोबर. ट्यूबच्या काळातला डबा मात्र थंड, किंचित निळसर पांढरा दिसला पाहिजे. फलाटावर उभं राहून समोरून जाणारी रात्रीची एक्स्प्रेस ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा लगेच येईल. त्या डब्यांत मेणबत्तीसारखा पिवळा प्रकाश टाकला की कितीही सुबक मॉडेल असो, ते आपलं वाटत नाही.

डेक्कन क्वीनबाबत हे फार महत्त्वाचं आहे. १ जून १९३० ला सुरू झालेली गाडी, २०२२ पासून एलएचबी या नव्या धाटणीच्या डब्यांवर. लोअरबर्थ यांचा रेक आयसीएफ आहे, म्हणजे त्याआधीचा. सकाळची फेरी उजेडात होते. दिव्यांची खरी गाडी संध्याकाळची: मुंबईहून ५ वाजून १० मिनिटांनी सुटते आणि हिवाळ्यात कर्जतच्या पुढे घाट अंधारातच चढते. लेआउटवर घाट असेल तर तोच प्रसंग डोळ्यांपुढे ठेवा. डायनिंग कारला मी बाकीच्या डब्यांपेक्षा किंचित पिवळा आणि थोडा जास्त प्रकाश देईन. एवढ्या एका फरकाने पूर्ण रेक वाचता येतो. पांढऱ्या एलईडीवर टामियाचा पारदर्शक पिवळा, एक्स-२४, एक हात पातळ मारला की काम होतं.

स्लीपर डबे करणाऱ्यांसाठी: रात्रीचे निळे दिवे विसरू नका. प्रत्येक कप्प्यात एक निळी एलईडी, अर्ध्या मिलीअँपवर. मुख्य दिवे बंद आणि फक्त निळे चालू, असा डबा एकदा पाहाच. शेवटच्या डब्यामागे लुकलुकणारा लाल दिवाही हवा. त्याशिवाय गाडी पूर्ण होत नाही.

भिंती उजळण्यावर उपाय: डबा उघडून आतून आधी काळा, त्यावर पांढरा रंग. काळ्याने प्रकाश अडतो, पांढऱ्याने आत पसरतो. छत आणि बॉडी जिथे मिळतात त्या फटीवरही आतून काळ्या कागदाची बारीक पट्टी चिकटवा, नाहीतर डब्याच्या डोक्यावर एक उजळ रेघ दिसते. एलईडीचे ठिपके वेगळे दिसत असतील तर पट्टीखाली ट्रेसिंग पेपर लावा.

---

राइनकाठ

जर्मनीतून लिहितो. रंगाबद्दल हिरवाबावटांना पूर्ण पाठिंबा. हांबुर्गच्या मिनिएचर वुंडरलांडमध्ये दर पंधरा मिनिटांनी दिवसाची रात्र होते. तिथे अंधार झाल्यावर खिडक्यांतला उजेड किती सौम्य ठेवला आहे ते बघण्यासारखं आहे. डबा दिव्यासारखा दिसता कामा नये, आतली माणसं दिसली पाहिजेत. म्हणून आसनं रंगवा, माणसं बसवा. दिवे लावलेला रिकामा, करड्या प्लास्टिकचा डबा दिवे नसलेल्या डब्यापेक्षा वाईट दिसतो.

मी लिहितो आहे ते रिव्हर्स लूपसाठी, म्हणजे गाडी फिरून त्याच रुळावर उलट तोंडाने परत येते त्या वळणासाठी. कुणाच्या लेआउटवर लूप असेल, तर दिव्यांचे डबे आल्यावर नियम बदलतो. आधी फक्त इंजिन लूपमध्ये मावलं की पुरत होतं. आता धातूच्या चाकांची आणि वीज उचलणारी पूर्ण गाडी लूपच्या दोन टोकांच्या गॅपमध्ये (रुळांतल्या वीज तोडणाऱ्या फटींमध्ये) मावली पाहिजे. नाहीतर इंजिन बाहेर पडताना एका गॅपवर आणि शेवटचा डबा आत येताना दुसऱ्या गॅपवर, दोघंही ऑटो-रिव्हर्सरकडून (लूपची वीज आपोआप उलटवणाऱ्या यंत्राकडून) उलटसुलट मागणी करतात आणि तो ट्रिप होतो. डब्यातल्या आठही चाकांची वीज एकत्र जोडणाऱ्यांना हे जास्त जाचतं, कारण असा डबा दोन बोग्यांमधलं पूर्ण अंतर पुलासारखा जोडून टाकतो. घाटवाट यांच्या पद्धतीत एक बोगी एकच रूळ उचलते, त्यामुळे गॅप जोडला जातो तो बोगीच्या दोन आसांएवढाच. आयसीएफ बोगीचे आस २८९६ मिमीवर, एचओमध्ये ३३ मिमी. हा त्या पद्धतीचा मोठा गुण आहे.

दुसरं, दिवे चालू-बंद कसे करणार? नुसत्या ब्रिजवर ते कायम चालू राहतील. डीसीसीमध्ये रुळांत सतत पूर्ण व्होल्टेज असतं, गाडी उभी असली तरी. इथे लोक फंक्शन डिकोडर (डीसीसीचे संदेश वाचून दिवे चालू-बंद करणारं छोटं सर्किट) वापरतात. ईएसयू, लेंझ, टीसीएस अशा अनेक कंपन्यांचे मिळतात. त्यात मोटरचं आउटपुट नसतं, फक्त दिव्यांचे.

---

लोअरबर्थ

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दोन प्रश्न. दहा डब्यांना दहा डिकोडर परवडणार नाहीत. पूर्ण रेकला एकच डिकोडर चालेल का? आणि त्याला पत्ता (ज्या आकड्यावर संदेश जातो तो) इंजिनाचाच द्यावा की वेगळा?

---

राइनकाठ

पत्ता वेगळा द्या. इंजिनाचाच दिला तर सुरुवातीला सोयीचं वाटतं, एकाच थ्रॉटलवर (हातातल्या कंट्रोलरवर) सगळं. पण इंजिन बदललं की डब्यांचा पत्ता बदलत बसावं लागतं. रेकला स्वतःचा लांब पत्ता द्या, तो सीव्ही (डिकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) १७ आणि १८ मध्ये जातो आणि सीव्ही २९ मध्ये लांब पत्ता चालू करावा लागतो. बहुतेक कमांड स्टेशनं (डीसीसीचे संदेश तयार करणारी यंत्रं) हे तिन्ही आपोआप लिहितात.

---

घाटवाट

एकाच डिकोडरबद्दल माझं मत ठाम ‘हो’ आहे, पण फक्त न तुटणाऱ्या रेकसाठी. एका डब्यात डिकोडर, ब्रिज आणि कपॅसिटर. बाकीच्या डब्यांना तिथून डीसी, व्हेस्टिब्यूलखालून (दोन डब्यांमधल्या जोडवाटेखालून) जाणाऱ्या दोन बारीक तारांतून. डब्यांच्या मधे १.२७ मिमी पिचचे दोन पिनांचे कनेक्टर, काळे रंगवलेले. जोड उघडताना प्लस-मायनस उलटणार नाही अशी खूण हवी. वीज उचलण्यासाठी रेकच्या दोन्ही टोकांचे आणि मधला एक असे तीन डबे पुरतात. बाकीचे सात पत्तीविना हलके धावतात, आणि चढावर त्याचाच फायदा होतो.

---

तांबटआळी

इथे माझा मतभेद नोंदवतो. तारांनी बांधलेला रेक शेल्फवरून काढताना आणि ठेवताना वैताग देतो. एक कनेक्टर सैल झाला की पुढचे सगळे डबे अंधारात. शिवाय तीन डब्यांत गोळा केलेली वीज तारेने एकत्र केली की राइनकाठ यांनी सांगितलेला लूपचा प्रश्न पूर्ण गाडीच्या लांबीचा होतो. हे टाळायचं तर तारेतून फक्त ब्रिजनंतरचं डीसी जाऊ द्या, रुळाची वीज नको. म्हणजे वीज उचलणाऱ्या प्रत्येक डब्याला स्वतःचा ब्रिज. मग रूळ एकमेकांना जोडले जात नाहीत. पण डिकोडरला संदेशासाठी रुळाची वीज लागते, म्हणून तो ज्या डब्यात आहे तिथेच ब्रिजच्या आधी जोडा, आणि त्याच्या आउटपुटने छोटा ट्रान्झिस्टर चालवून सगळ्या पट्ट्यांचा मायनस उघडझाप करा.

एवढं करण्यापेक्षा मी प्रत्येक डबा स्वतंत्र ठेवीन, छताखाली रीड स्विच आणि लॅचिंग सर्किट. वरून चुंबक फिरवला की दिवे चालू, पुन्हा फिरवला की बंद. डिकोडर नको, पत्ता नको.

---

घाटवाट

ब्रिजनंतरचं डीसी ही दुरुस्ती मान्य. मी तसंच केलं आहे, लिहायचं राहिलं. चुंबकाची कल्पना शंटिंगवाल्या यार्डासाठी चांगली. डेक्कन क्वीन मात्र चालू गाडीत, बोगद्यात शिरण्याआधी, एका बटणावर उजळली पाहिजे असं मला वाटतं.

---

रूळजोड

मी नवीन आहे. पुण्यात कोथरूडचं जोशी यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम पाहून नाद लागला. माझा सेट साधा डीसी आहे, बारा व्होल्टचा कंट्रोलर. हेच सर्किट चालेल का?

---

तांबटआळी

चालेल, पण गाडीच्या वेगाबरोबर प्रकाश कमीजास्त होईल आणि फलाटावर गाडी थांबली की दिवे जातील, कारण डीसीमध्ये वेग म्हणजेच व्होल्टेज. तीन एलईडींच्या तुकड्याला उजळायलाच साधारण आठ व्होल्ट लागतात. डीसीसी येईपर्यंत तुमच्याकडे छतात बॅटरीवर चालणारे दिवे बरे. ब्रिज, पत्त्या मात्र आत्ताच बसवून ठेवा, डीसीसीवर याल तेव्हा त्याच उपयोगी पडतील.

---

लोअरबर्थ

प्रगती कळवतो. प्रिसेटवर जुळवून १.५ किलोओहम नक्की केला. ४७० चा कपॅसिटर टॉयलेटच्या कप्प्यात आडवा मावतो. तिथली काच धुरकट असल्याने बाहेरून दिसत नाही. कपॅसिटरला २२० ओहम आणि डायोड लावले. चार डबे एकदम रुळावर ठेवून पॉवर बंद-चालू केली, बूस्टर शांत. क्रॉसिंगवर लुकलुक नाही. पितळी वाट्या दोन डब्यांत बसवल्या, फळीच्या परीक्षेत दोन्ही पास. आतून रंग दिल्यावर भिंती आता काळ्याच राहतात.

एक नवीन अडचण: हे डबे आणि इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरची सेटिंग वाचायच्या-लिहायच्या वेगळ्या रुळावर) होते, तर इंजिनाचा सीव्ही वाचताना एरर येते. डबे काढले की बरोबर वाचतो. सर्किटात काही चुकतं आहे का?

---

तांबटआळी

सर्किट बरोबर आहे. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर इंजिन उत्तर देतं ते करंटच्या झटक्याने: किमान ६० मिलीअँप, ६ मिलीसेकंदांसाठी. कमांड स्टेशन तेवढा फरक शोधत असतं. तुमचे कपॅसिटर त्याच वेळी भरत असतात, त्यात तो झटका हरवतो किंवा नसलेला दिसतो. त्या ट्रॅकवर एका वेळी एकच डिकोडर असावा आणि दिव्यांचा डबा एकही नको. रेकच्या डिकोडरचा पत्ता लिहितानाही कपॅसिटरची एक वायर सोडवता येईल अशी छोटी पिन ठेवा, म्हणजे छत परत सोल्डरसाठी उघडावं लागणार नाही. उरलेल्या सहा डब्यांत ती आत्ताच टाका.